सुभेदाराला कोण विचारणार?

"खोट शेळ्यांतच आहे," मालक म्हणाला आणि त्याने तीन शेळ्या वेगळ्या बांधल्या. दुपारी खाटकाचा टेम्पो येणार होता.

खोट तिच्यातच आहे. हे वाक्य या घराला नवं नव्हतं. फक्त एरवी ते शेळीबद्दल नसे.

बायको पाण्याची बादली घेऊन दारात उभी. मूल होत नाही म्हणून उद्या तिच्या पोटाची दुसरी दुर्बिणीची तपासणी. पहिलीचे टाके अजून ओढतात. नवऱ्याची तपासणी? छे! "आमच्या घराण्यात असलं काही नाही." संपलं.

लस टोचायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई थबकल्या. "या वेगळ्या का?"

"वांझोट्या. माजावर येतात, बोकड दाखवतो, पुन्हा माजावर! गाभण म्हणून राहत नाहीत."

"बोकड तपासला?"

"सुभेदार?" मालक हसला. "अहो, गोठ्यातली सगळी करडं त्याचीच!"

"त्या करडांच्या आया कधी गाभण राहिल्या?"

"थंडी पडायच्या सुमारास."

"आणि आता?"

आता दिवस मोठे. ऊन संपता संपत नाही.

बाईंनी सुभेदाराच्या वीर्याचा नमुना घेतला. खुराकाच्या पिंपावर सूक्ष्मदर्शक ठेवला. डोळा लावला, बाजूला झाल्या. "बघा."

त्याने पाहिलं. वळवळ थोडी, तीही मरगळलेली.

"बोकडालाही ऋतू असतो. दिवस मोठे झाले की जोर उतरतो, बीज घटतं, अंगाचा तो उग्र वाससुद्धा कमी होतो. जाणवलं नाही?"

"मला जाणवलं," बायको म्हणाली. "थंडीत त्याच्या जवळून गेलं तरी कपडे दोनदा धुवावे लागायचे. हल्ली वासच नाही."

"मग बोलली का नाहीस?" नवरा खेकसला.

"मला कोण विचारतंय!"

"एका नमुन्यावर मी निकाल देणार नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा तपासू. दिवस लहान व्हायला लागले की गडी येईलही रंगात. पण शेळ्यांचा निकाल तर तुम्ही एकही नमुना न बघता लावलात."

बाहेर हॉर्न. टेम्पो! पुन्हा हॉर्न.

बायकोने बादली खाली ठेवली. पाणी हिंदकळलं.

"मी उद्या जाणार नाही. आधी तुम्ही तपासून घ्या."

"मी काय बोकड आहे?"

"नाही रे बाबा," ओट्यावर शेंगा सोलणारी सासू म्हणाली, "बोकडाने निदान आढेवेढे घेतले नाहीत!"

"आई, तूसुद्धा?"

"तू उशिरा झालास. तोवर मी किती टोमणे गिळले, ते तुझ्या बापाला कधी कळलं नाही. आणि तेच मी हिला वाढले." तिने सुनेकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

मालक डॉक्टरीणबाईंकडे वळला. "म्हणजे... थंडीपर्यंत थांबलो तर?"

"माणसाचं तसं नसतं हो! उद्याच जा."

तिसरा हॉर्न. मालक बाहेर गेला. आतून सगळ्यांनी ऐकलं: "परत जा. आज काही द्यायचं नाही." टेम्पोची घरघर लांब गेली. मग फोनवरचा आवाज, आधी चढा, मग उतरलेला:

"उद्याची वेळ घेतली होती... हो, तीच. ती येणार नाही. मी येतोय... नाही, सोबत नाही. मलाच तपासायचंय."

बायको भिंतीला टेकून खाली बसली. सासूने शेंगांची पाटी बाजूला सारली आणि तिच्याशेजारी जागा केली.

नागरिकहो, उद्याच्या तपासणीत काय निघेल, कुणास ठाऊक. त्याच्यात काही निघेल, तिच्यात निघेल, दोघांतही नसेल. पण मूल न होणं हा गुन्हा नाही. मग घरोघरी आरोपी कसला शोधता? कारण शोधायचं तर दोघांत शोधा. आणि जी तपासणी सोपी, जिला ना सुरी ना टाका, ती पुरुषाची आधी करा. एवढं तर आपण बोकडाकडूनही शिकू शकतो!