डावखुरी गोगलगाय

कागदावरच्या गोगलगाईला सहा वेढे होते. वेढ्यांमधलं अंतर जवळजवळ सारखं. फक्त डाव्या बाजूला, चौथ्या वेढ्यापाशी, शाई मिलिमीटरभर फरपटली होती.

गोगलगाय हे मेंदूविकारांच्या त्या दवाखान्यातलं एका चाचणीचं लाडकं नाव. हाताला कंप असलेल्या माणसाला मधल्या ठिपक्यापासून बाहेर वेटोळं काढायला सांगतात. हात किती थरथरतो ते कागदच बोलतो. यंदा कंपासाठी वेगळा विभाग निघाला. नव्या डॉक्टरीणबाई आल्या, हातांचे व्यायाम घेणारा उंच फिजिओथेरपिस्ट आला, आणि संशोधनाला एक मुलगी आली, जिला दोन दिवसांत सगळे ‘प्रश्नपत्रिका’ म्हणू लागले. तुलनेसाठी तिला निरोगी हातांच्या तीस गोगलगाई हव्या होत्या. तिने कर्मचाऱ्यांनाच वेठीला धरलं.

एकोणतीस झाल्या. राहिल्या ताई.

ताई एकवीस वर्षं रुग्णांच्या डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढत होत्या. आणि आठ महिने त्यांचा उजवा हात कपबशी वाजवत होता. आधी थंडीमुळे, मग चहा कडक म्हणून, मग वयामुळे. हात कामातून गेला तर तारा कोण चिकटवणार, या प्रश्नापाशी त्या रोज पोचत आणि रोज मागे फिरत.

“इथे गडबड असते,” म्हणून ताईंनी कागद घरी नेला आणि नवऱ्यासमोर ठेवला.

“काढा हो एवढं.”

“परीक्षा तुझी नि पेपर मी लिहू? आठ महिने सांगतोय, दाखव म्हणून. मेंदूच्या दवाखान्यात काम करतेस की किराणा दुकानात?”

“हात दाखवून अवलक्षण कशाला? काढा म्हणते ना.”

ताई भांडी लावेपर्यंत गोगलगाय तयार होती. त्यांनी ती न बघताच पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिका कागद नाचवतच आली. “ताई, सगळ्यांत सुरेख तुमची! नमुना म्हणून भिंतीवर लावणार. पण एक विचारू?”

“नको म्हटलं तर थांबणार आहेस?”

“काढताना हात टेकवायचा नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. हा टेकलाय. शाई पुसलीय बघा, तीही डावीकडे. तुम्ही डावखुऱ्या आहात?”

“ताई आणि डावखुऱ्या!” फिजिओथेरपिस्ट दारातून म्हणाला. “गोगलगाय नि पोटात पाय!”

ताईंना डाव्या हाताने कुलूपसुद्धा उघडत नसे. डावखुरे होते ते हे, घरातले. नुसतं ‘हो’ म्हटलं की तीस पूर्ण झाल्या असत्या. पण रुग्णाची पापणी लवली तरी ताई आलेखावर तशी खूण करत, उगाच कुणी तिला आजार समजू नये म्हणून. एकवीस वर्षांत एकही खूण चुकवली नव्हती. आणि आता भिंतीवर लागणार होती ती ह्यांची गोगलगाय.

त्यांनी कागद काढून घेतला. तो त्यांच्या हातात फडफडला. मुलगी आधी कागदाकडे, मग हाताकडे बघत राहिली.

“ही माझ्या नवऱ्याची आहे, फाडून टाक,” ताई म्हणाल्या. “निरोगी यादीतलं माझं नाव काढ, दुसऱ्या यादीत घाल. आणि डॉक्टरीणबाईंना सांग, मला हात दाखवायचाय. आजच.”