अर्धा फेरा

सोळा चकत्या, नाण्याएवढ्या.

माग हादरतो. चोवीस वर्षं हादरतो.

काटकोनात वाकलेली एक चावी. तिने कुठलंच कुलूप उघडत नाही.

भुसा उडतोय, शेंगा चटणीवर ताट झाका.

लोखंडी कपाट. हिरवं. आरशासकट.

हे सगळं एकाच घरातलं. घर सोलापुरातलं, आणि त्यातली मागची खोली शिवलीलाची. लग्न होऊन दोन महिने झाले होते. तिचा पगार झाला तसं तिने स्वतःच्या पसंतीचं कपाट मागवलं. ते दोन चपट्या खोक्यांतून आलं.

सासरे चन्नवीर यांनी एक खोकं उचलून पाहिलं. "हे कपाट हाय का पापड?"

त्यांनी सुनेसाठी आधीच कपाट सांगून ठेवलं होतं. तेच ते हिरवं. घरातलं सगळं तेच ठरवत आले होते. पडदे, पंखे, मुलाची नोकरीसुद्धा. शिवलीलाला त्या खोलीत एक तरी वस्तू आपली हवी होती. पापड उभा राहिला नाही तर हिरवं येणार, हे तिला ठाऊक होतं.

आणि जोडायला बसलं कोण? चन्नवीरच. टॉवेलच्या कारखान्यात चोवीस वर्षं जॉबर, म्हणजे बिघडलेले माग नीट करणारा माणूस. माग दिवसभर हादरतो, नट सैल पडतात. म्हणून जॉबर नट एकदा आवळतो, मग पुन्हा आवळतो, आणि निघताना जाता जाता आणखी एकदा.

या कपाटात नट नव्हते. एका फळीतून स्क्रूचं डोकं बाहेर येतं, दुसऱ्या फळीत चकती बसते. चकती अर्धा फेरा फिरवली की ती डोक्याला धरते. उलटी फिरवली की सोडते. घर बदललं की कपाटाचा पुन्हा पापड.

"मामा, अर्धाच फेरा," शिवलीला कागद वाचत म्हणाली.

"अर्ध्या फेऱ्यात काय व्हतंय? सोमवारपातूर सुटंल की."

"हे कपाट आहे मामा. हे हलत नाही."

"सगळं हलतंय. आपण बघत न्हाय, एवढंच."

पंधरा चकत्यांनी सोसलं. सोळावीला त्यांनी जाता जाताचं आवळणं दिलं. कर्रर्र. स्क्रू फळीतून उपटून आला, मागोमाग चिमूटभर भुसा.

हेमावती चटणीचा हात तसाच घेऊन दारात आल्या. सासूबाई रागावल्या की कानडीत शिरतात. "साकु री! पुरे आता! पोरीचं कपाट हाय, तुमचा कारखाना न्हाय."

शिवलीला तळहातावर भुसा गोळा करत राहिली.

"झालं," ती म्हणाली. "आणा आता हिरवं."

चन्नवीर उठून बाहेर गेले. फोन करायलाच गेले असणार, असं तिला वाटलं. ते परत आले ते पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात काडेपेटी, गोंदाची बाटली आणि मागावरचा जुना चामडी पट्टा. त्यांनी काड्यांचे गुल मोडले, काड्या गोंदात बुडवून फाटलेल्या भोकात ठासल्या, त्यात स्क्रू बसवला आणि चावी सुनेपुढे धरली.

"तू फिरव."

तिने फिरवली. अर्धा फेरा.

"बास?"

"बास."

"जरा आणखी..."

"मामा!"

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

गोंद वाळायला रात्र लागणार होती. तोवर फळी सुटू नये म्हणून त्यांनी उभ्या कपाटाला पट्टा गुंडाळून बक्कल लावलं.

हेमावती लांबूनच म्हणाल्या, "मला लग्नात कंबरपट्टा न्हाय मिळाला. कपाटाला मिळाला. आता वटी भरा की त्याची."

शिवलीलाला हसू आवरेना. हातातला भुसा पुन्हा सगळीकडे सांडला.

पट्टा सकाळी काढायचा होता. आठवडा झाला, तसाच आहे. शिवलीला साडी काढायची म्हटलं की आधी बक्कल सोडते, मग दार उघडते. येता-जाता चन्नवीर कपाटाला बोट लावून बघतात.

"हलतंय का मामा?"

"अजून न्हाय."

"मग हिरवं?"

"बघू की."

खोकी आली त्या दिवशी सकाळी नऊ वाजताच, जोडायला बसण्याआधी, चन्नवीर यांनी दुकानात फोन करून हिरवं कपाट नको म्हणून सांगितलं होतं.