धुराच्या वाटेवरची दुर्बीण

मी दुर्बीण बोलतेय. तारे बघणारी नव्हे, नाकातून शिरून माणसाची श्वासनळी बघणारी. बोटापेक्षा बारीक आणि हवी तशी वळणारी. माझ्या पोटातून प्रकाशाचा एक धागा सरकतो. मला नळीचा फक्त वरचा थर दिसतो, त्या धाग्याला मात्र खालची सूजही दिसते.

जळीत विभागात आल्यापासून माझे लाड फार. प्रत्येक रुग्णानंतर अंघोळ, मग औषधात बुडवणं, मग टांगून वाळवणं. माझी निगा राखणाऱ्या मावशी म्हणतात, "हिच्यापेक्षा तान्हं पोर परवडलं!"

एका दुपारी इस्त्रीच्या दुकानाची मालकीण आली. आग लागल्यावर ती बाहेर निसटली होती, पण आत अडकलेल्या सासऱ्यांसाठी पुन्हा धुरात घुसली. सासरे वाचले. तिच्या भुवया होरपळल्या होत्या, आवाज जरासा बसला होता.

"मला काही झालं नाही. मामंजींना बघा आधी," ती सांगत होती.

नाक बधिर करून डॉक्टरबाईंनी मला आत घातलं. काजळी होती, लाली होती, पण वाट मोकळी वाटली. मी एकटी असते तर फसलेच असते. मग धागा फिरला आणि पडद्यावर नळीच्या भिंतीचे थर उमटले. भिंत आतून फुगत चालली होती.

"हिला झोपवून श्वासासाठी घशात नळी घालू, आत्ताच," बाई म्हणाल्या.

सोबत आलेली नणंद आडवी आली. "चांगली बोलतेय की माझी वहिनी! उगाच कशाला हाल?"

बाईंनी तिला पडदा दाखवला. "ही सूज वाढतेय. वाट बंद झाली, तर नळी घालायला जागाच उरणार नाही."

नणंद बाजूला सरकली. वहिनीच म्हणाली, "घाला. पण मला परत उठवा."

संध्याकाळी तिचा गळा एवढा सुजला की ओळखू येईना. श्वास मात्र नळीतून चालू होता. मी रोज आत उतरत होते, काजळी ओढून काढत होते, आणि धागा भिंत तपासत होता. सूज हटायला तयार नव्हती, आणि मीही. अखेर भिंतीची सूज उतरली, नळी निघाली.

तिचे पहिले घोगरे शब्द होते, "लोकांचे कपडे जळाले ना गं?"

नणंद रडता रडता हसली. "कपडे परत शिवता येतात. तू गप्प पड बघू!"

सगळेच असे परतत नाहीत. काहींपर्यंत मी उशिरा पोहोचले, ते सलतं. आता माझ्या चित्रात काळे ठिपके येऊ लागलेत, शेजारी नवी दुर्बीण टांगलीय. पण कपाटात जायची मला घाई नाही.

तुम्ही एवढंच करा. बंद खोलीतल्या धुरातून कुणी बाहेर आलं, तर पाणी पाजून घरी बसवू नका. तडक इथे आणा. आत काय चाललंय, ते मी बघते.