तिसऱ्या आग्रहाचे तीन हजार

जमा: इतर. ३,००० डॉलर

सुरुवात या ओळीपासूनच करायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ हिनेच घातला. खरं तर ती कागदाच्या तळाशी होती, बारीक अक्षरात.

कागद नील टोर्विकचा. मिनेसोटातल्या मक्याच्या पट्ट्यात तो गारपिटीच्या विम्याचं काम करायचा. गारा पडून गेल्या की शेतात उभं राहायचं, चिंध्या झालेली पानं बोटांनी उलगडून बघायची आणि किती टक्के पीक गेलं ते सांगायचं. त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. त्यामुळे ओक्लाहोमातून बाळ दत्तक घ्यायचं ठरलं तेव्हा खर्चाचं बजेट कोणी मांडायचं हा प्रश्नच आला नाही. ब्रिटा, त्याची बायको, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. ती म्हणाली, तू मांड, मी खोड्या काढते.

खर्च: संस्था. १८,००० डॉलर

 एवढ्या मोठ्या आकड्याला ब्रिटालाही खोडी सुचली नाही.

खर्च: वकील, दोन. ५,५०० डॉलर

इथे मात्र सुचली. एका बाळाला दोन वकील कशाला, तिने विचारलं. नील म्हणाला, बाळ एका राज्यात जन्मणार आणि दुसऱ्या राज्यात वाढणार, म्हणून दोन्हीकडे एकेक. मग आजोळच्या वकिलाला निदान सूट तरी माग, ब्रिटा म्हणाली.

खर्च: किरकोळ

या ओळीपुढे आकडा नाही. काहीही किरकोळ असतं हे नीलला मान्य नव्हतं.

खर्च: मुक्काम

ही ओळ त्याने चारदा खोडली. नियम असा, की बाळ दुसऱ्या राज्यात जन्मलं तर दोन्ही राज्यांच्या कचेऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय त्याला हद्दीपलीकडे नेता येत नाही. परवानगी कधी येणार हे कोणी सांगत नाही. कुणाला आठवड्यात मिळते, कुणाला महिना लागतो. तोवर मोटेलात राहायचं, बाळाला दूध पाजायचं आणि फोनकडे बघत बसायचं. वर नीलची मजुरी बुडणार, कारण त्याला दर शेतामागे पैसे मिळत. गारा पडायच्या दिवसांत तो घरी नसेल तर दुसरा कोणीतरी जाऊन टक्के सांगणार. खोली, जेवण, बुडालेली मजुरी सगळं धरून बेरीज केली, आणि बरोबर तीन हजारांचं भोक पडलं.

म्हणून मग जमा: इतर.

हे इतर म्हणजे काय, ब्रिटाने एकदा विचारलं होतं. होईल काहीतरी, नील म्हणाला, आणि कागद पालथा घातला.

आता ते इतर.

त्यांच्या गावात कुणावर मोठा खर्च आला की चर्चच्या तळघरात पॅनकेकचं जेवण घालतात. जेवण फुकट, दारात टोपली ठेवलेली. येणारा टोपलीत काय टाकतो ते कोणी बघत नाही, आणि सगळ्यांना कळतं. सुंडक्विस्टांची गोठ्याची इमारत जळाली तेव्हा टोपलीत तीन हजार शंभर निघाले होते. नीलने शंभर वजा केले. गोठ्यात गाई होत्या, त्याच्याकडे अजून काहीच नव्हतं.

आणि खरंच, जूनमध्ये पास्टर ड्वेन येऊन म्हणाले, नील, तुमच्यासाठी जेवण घालू का? नील म्हणाला, छे छे, कशाला उगाच त्रास. पुढच्या रविवारी पास्टरांनी पुन्हा विचारलं. नील म्हणाला, नको हो, आमचं भागेल.

झालं. दोन नकार देऊन झाले होते. आता तिसऱ्यांदा विचारतील तेव्हा मान खाली घालून, बुटाच्या टोकाकडे बघत म्हणायचं, बरं, तुम्ही म्हणताच आहात तर. त्या गावात कॉफीचा कपसुद्धा तिसऱ्या आग्रहाशिवाय कोणी हातात घेत नाही. पहिल्यांदाच हो म्हणणारा माणूस हावरट, आणि दोनदा विचारून थांबणारा माणूस कंजूष. नीलने घरी येऊन तीन हजार जमेला लिहून टाकले. त्याच्या दृष्टीने ते आलेच होते.

फक्त पास्टर टेक्ससचे होते. त्यांना येऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्याकडे माणूस नको म्हणाला तर त्याला नको असतं.

जुलै गेला. नील रविवारी मुद्दाम दारापाशी रेंगाळायचा. पास्टर हात हातात घेऊन हवापाण्याचं विचारायचे आणि पुढच्या माणसाकडे वळायचे. ऑगस्टात नील दोनदा रेंगाळला, एकदा तर कोट अडकवायच्या खोलीत पंधरा मिनिटं उभा राहिला. पास्टरांनी तिथला दिवा बंद केला.

तारीख: सप्टेंबरअखेर

ही ओळ बाळाने स्वतः खोडली. ते तीन आठवडे आधी आलं.

गाडी चालवत ते ओक्लाहोमात पोचले. ब्रिटाने सारा वेळ मांडीवर बाळाची गाडीत बसवायची रिकामी खुर्ची धरून ठेवली होती, मागच्या सीटवर भरपूर जागा असताना. नील रस्ताभर मनात आकडे जुळवत होता, आणि पेट्रोल भरायला थांबले तेव्हा त्याने फोनवर परतीचं बसचं तिकीट काढलं. एकट्याचं, स्वतःचं. ब्रिटा बाळाला घेऊन मोटेलात राहील, आपण परत जाऊन गारा मोजू, म्हणजे भोक बुजेल. हे तिला वेळ बघून सांगायचं त्याने ठरवलं. वेळ काही आली नाही. तिकीट मात्र त्याने पेट्रोल पंपावरच्या दुकानातच छापून घेतलं, कारण कागदाशिवाय त्याचा कशावर विश्वास नव्हता.

बाळाच्या आईचं नाव शेल्बी. वय बावीस, टायरच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. संस्थेने तिला बऱ्याच जोडप्यांचे फोटो दाखवले होते. तिने टोर्विकांना निवडलं ते एका फोटोमुळे. त्यात नील गारांनी झोडपलेल्या मक्यात उभा होता आणि त्याचं तोंड रडवेलं झालं होतं. परक्याच्या मक्यासाठी एवढं वाईट वाटणारा बाप चालेल, असं ती संस्थेच्या लॉरेटाबाईंना म्हणाली होती. तिच्या अटी दोनच. आईबाप दोघंही असावेत, आणि परवानगी येईपर्यंत दोघांनीही इथेच, बाळापाशी थांबावं. तिला स्वतःचा बाप आठवत होता तो गाडीच्या मागच्या दिव्यांपुरता.

इस्पितळाच्या खोलीत ती उशीला टेकून बसली होती. केस विस्कटलेले, कुशीत गुंडाळलेली मुलगी, टेबलावर लाल जेलीची वाटी. ब्रिटाने मुलीला बघितलं. ती नाक पुसायला खिडकीशी गेली.

शेल्बीने दोन्ही हातांनी गाठोडं पुढे केलं. नीलकडे.

"घ्या," ती म्हणाली.

नीलने त्या दिवसासाठी किती वर्षं वाट बघितली होती हे सांगायला नको. त्याचे हात निम्मे वर आलेही होते. पण तोंड हातांच्या आधी पोचलं.

"नको, नको," तो म्हणाला, "असू द्या तुमच्यापाशीच."

आणि तो हसून, मान जराशी कलती करून, दुसऱ्यांदा विचारायची वाट बघू लागला.

शेल्बीने मुलीला परत छातीशी घेतलं. बरं, म्हणाली. मग तिने विचारलं, परवानगी येईपर्यंत तुम्ही दोघंही इथेच आहात ना? नीलला खिशातलं तिकीट टोचलं. बघू, तो म्हणाला, कसं जमतं ते.

थोड्या वेळाने दोघं बाहेर आले, आणि शेल्बीशी बोलून लॉरेटाबाईही आल्या. त्यांनी दोघांना पेयांच्या यंत्राजवळ बसवलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की शेल्बीला रात्रभर विचार करायचाय. सकाळी न्यायाधीशांसमोर जायचं ठरलंय, पण अजून कशावर सही नाही, आणि तिचं मन बदललं तर तो तिचा हक्क आहे. ती एवढंच विचारत होती, की हे गृहस्थ बायकोच्या आग्रहाखातर आलेत का.

बाई गेल्यावर ब्रिटा नीलकडे वळली.

"तिने बाळ पुढे केलं तेव्हा तू काय म्हणालास?"

"नको म्हणालो."

"किती वेळा?"

"एकदाच. तिने दुसऱ्यांदा विचारलंच नाही."

ब्रिटाने डोळे मिटले. त्याच गावात वाढलेली बाई, तिला समजावून सांगायची गरज नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं. मग तिने हात पुढे करून त्याच्या खिशातून डोकावणारा कागद ओढला. तिकीट वाचलं. पुन्हा वाचलं. नीलला आता सगळंच सांगावं लागलं: भोक, जेवण, जून, कोटांची खोली.

ती ओरडली नाही. टोर्विकांच्या घरात ओरडत नाहीत, पातेली जरा जोरात ठेवतात, आणि इथे पातेली नव्हती. ती म्हणाली, बाळ तिचं आहे, तिने ठेवायचं म्हटलं तर आपण तिला शुभेच्छा देऊन घरी जाऊ आणि मी वाटेत रडेन. पण तुला नकोय असं समजून तिने ठेवलं, तर मला ते जन्मभर पचणार नाही. आत जा. मी येणार नाही बरोबर, मी आले तर तू माझ्या तोंडाकडे बघत बसशील.

नील आत गेला. दाराशी उभं राहून त्याने हवेबद्दल एक वाक्य बोलून बघितलं. शेल्बीने मुलीचं दुपटं सारखं केलं.

मग त्याने एका दमात सांगितलं. की आमच्याकडे काही दिलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं असतं, घ्यायचं ते तिसऱ्यांदा. की मला मुलगी घ्यायची होती. इतकी, की मी विचार केलाच नाही, सवयीने बोललो.

शेल्बी त्याच्याकडे फाटक्या टायरकडे बघावं तशी बघत होती.

"म्हणजे तुमच्याकडे आग लागली," ती म्हणाली, "आणि कुणी विचारलं पाणी टाकू का, तर?"

नीलने प्रामाणिकपणे विचार केला. "लहान आग असेल तर नको म्हणतील."

तिला हसू आलं, आणि टाके दुखले म्हणून तिने शिवी घातली. मग जेलीची वाटी पुढे केली. खाणार? नीलच्या तोंडात नको तयारच होतं. त्याने ते गिळलं आणि हो म्हणाला. ती चमचा त्याच्या हातात देऊन बघत राहिली. त्याने सगळी जेली खाल्ली. पाणी? हो. ही उशी? हो. उशी काखेत धरून तो उभा राहिला, लग्नातल्या पाहुण्यासारखा अवघडलेला.

"आणि ते 'बघू कसं जमतं' काय होतं, मिस्टर नील? तेही तिसऱ्यांदा विचारायचं?"

नाही, ते पैशांचं होतं, नील म्हणाला. आणि पैशांचंही शेवटी तेच होतं, म्हणून तीही गोष्ट सांगावी लागली. शेल्बीने पूर्ण ऐकून घेतली. तिला पास्टरांची दया आली.

"लावा फोन," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

आपल्या आयुष्यात नील टोर्विकने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. हायस्कूलमध्ये खोडरबर हरवलं तेव्हा त्याने वर्षभर अंगठ्याने खोडलं होतं. त्याने फोन लावला. पास्टरांना तब्येत विचारली. तिकडे पाऊस कसा आहे विचारलं. पास्टर म्हणाले, ठीक आहे. नील म्हणाला, इकडेही ठीक आहे. मग मका. मग सोयाबीन. शेल्बीने चमचा उचलून पलंगाच्या लोखंडावर एकदा वाजवला.

"पास्टर," नील म्हणाला, "आम्हाला पैसे लागणार आहेत. तीन हजार. ते जेवण घालाल का?"

 मग पास्टर म्हणाले, अरे माणसा, मी तर दोनदा विचारलं होतं. हो, नील म्हणाला, आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारतात.



"सगळेच?" पास्टरांनी हळूच विचारलं. "दोन वर्षं मी लोकांना घरी जेवायला बोलावतोय. सगळे नको म्हणतात. मी आणि बायको समजत होतो, आम्ही कुणाला आवडत नाही."

ते येतील, नील म्हणाला. अजून एकदाच विचारा. मोठी भांडी काढून ठेवा.

पास्टरांनी शनिवारी जेवण घालायचं कबूल केलं, तेही लगेच, आढेवेढे न घेता, आणि नीलला त्यात जरासा उद्धटपणा वाटला.  फोन ठेवून तो खुर्चीत बसला. सांगितलं, की मी थांबतो, परवानगी येईपर्यंत, कितीही दिवस लागू देत. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, हेही त्याने सांगून टाकलं, कारण आता थांबवत नव्हतं.

शेल्बी मुलीच्या टाळूकडे बघत होती. तिचं हसणं ओसरलं होतं, आणि खोलीत काही क्षण त्या दोघीच असल्यासारखं झालं. नीलने घाई केली नाही. एवढं त्याला येत होतं.

"घ्या," ती शेवटी म्हणाली, आणि हात पुढे केले.

"हो."

ती त्याच्या अंदाजापेक्षा हलकी होती आणि जास्त गरम. नीलने श्वास रोखून धरला, मग सोडावा लागला. शेल्बीने डोळे मनगटाने पुसले, उशी त्याच्या काखेतून काढून स्वतःच्या पाठीशी घातली आणि लॉरेटाबाईंना हाक मारली. बाई दारातच होत्या, त्यांच्या मागे ब्रिटा.

माझा विचार झाला, शेल्बी म्हणाली. सकाळी न्यायाधीशांकडे किती वाजता निघायचं ते सांगा.

"आणि तुमच्या कागदावर लिहून ठेवा, की बाप जरा येडा आहे. मोठी झाल्यावर तिने मला विचारायला नको, कुणी सांगितलं का नाही म्हणून."

लॉरेटाबाईंनी पेन काढलं.