‘टू’ म्हणजे काय

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणतात. शिकवणीच्या बाईंना दिसेल ती चूक सुधारायची खोड. त्यांच्या यजमानांना, म्हणजे सरांना, शिकणाऱ्याच्या मागे उभं राहून खांद्यावर हात ठेवायची. यजमानांना जाऊन वर्ष झालं.

शेजारची नवी सून इंग्रजी शिकायला बसली होती.

“‘व्हेरी’ म्हणजे खूप,” बाई म्हणाल्या. “‘टू’ म्हणजे सोसवेना इतकं. आता कर वाक्यं.”

“टी इज टू हॉट. चेअर इज टू हाय.” सून अडखळली. “सरांचा हँड इज टू कोल्ड.”

“चूक! थंड हात काय, सोसतो माणूस. ‘व्हेरी’ म्हण.”

सुनेनं खांदा आक्रसून घेतला. “नाही हो बाई, ‘टू’च. त्यांना काढायला सांगा ना!”