विशालाक्षीचं वाकडं चुंबक

अय्यो, तुळजाभवानीची शप्पथ! सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. शंका असेल त्याने गिंडीत जाऊन विचारून यावं.

गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, पत्र्याच्या शेडमध्ये, विशालाक्षीने तीन वर्षं खपून एमआरआयचं एक चुंबक उभं केलं होतं. माणसाचं डोकं मावेल एवढं, शहराच्या पार टोकाला, एन्नोरच्या छोट्या दवाखान्यातही नेता येईल असं हलकं. फक्त त्याचा जोर वेडावाकडा, इथे जास्त तर तिथे कमी. आज चित्र निघालं नाही तर मालक सेतुमाधव ते मोडायला लावणार होता.

तपासायला आले तुकोजीराव, डिफेन्समधून रिटायर झालेले. मीटर फिरवून खो खो हसले. "अगं पोरी, हे चुंबक आहे की पावसानंतरचा रस्ता? लोखंडाचे तुकडे चिकटव, आधी जोर सारखा कर."

"नाही करणार," विशालाक्षी म्हणाली. "चुंबकात ठेवलं की वस्तूतलं पाणी सूर काढतं, त्यावरूनच चित्र निघतं. जोर सारखा केला तर सगळं पाणी एकाच सुरात बोलेल. कोण कुठून बोलतंय, कसं कळणार? माझ्याकडे जागोजागचा सूर वेगळा आहे. महिनाभर बोटाबोटावर मोजून नकाशा केलाय मी."

"मग ह्यात मलई किती, सांग बघू." त्यांनी कोपऱ्यावरून आणलेलं शहाळं आत सरकवलं.

चुंबक शहाळ्याभोवती फिरलं. पडद्यावर चित्र आलं ते सांबारात पडलेल्या अप्पळासारखं, म्हणजे आपल्या पापडासारखं, पार विरघळलेलं. सेतुमाधवने कपाळाला हात लावला. "विशा, पुरे. उद्या मोडू."

विशालाक्षीच्या अंगावर काटा आला. थंडीने. अग्निनक्षत्राच्या, ऐन मे महिन्यातल्या भाजून काढणाऱ्या दिवसांत थंडी?

"एसी कुणी लावला?"

"मीच. पाहुणे येणार म्हणून, सकाळपासून."

"अहो सर, नकाशा उकाड्यात काढलाय! गार झालं की चुंबकाचा जोर वाढतो, सगळे सूर सरकतात. बंद करा तो. दारं उघडा."

"पाहुण्यांसमोर?"

"पाहुण्यांना येऊ दे घाम. चुंबक तापेपर्यंत इथून कुणी हलायचं नाही." आणि पदर खोचून ती उंबऱ्यावरच जाऊन बसली. ओलांडून जायची कुणाची छाती झाली नाही.

तीन तास गेले. तुकोजीरावांनी आधी टाय सोडला, मग शर्ट काढला. पिळला, तर बादली भरली.

मग तिने चुंबक पुन्हा फिरवलं. पडद्यावर पाण्याचा लखलखीत गोल, भोवती मलई. एका बाजूला बोटभर जाड, दुसऱ्या बाजूला कागदाएवढी. कोयत्याने शहाळं फोडलं. अगदी तस्संच!

तुकोजीराव बनियनवर उभे राहून मलई खरवडत म्हणाले, "सेतुमाधव, हे मोडायचं नाही."

"मग जोर सारखा करू का, काका?" विशालाक्षीने विचारलं.

"हात लावशील तर खबरदार!"

बरं, एक कबूल करते. शर्ट पिळून बादली भरली, हे मी आपलं जोडलं. तांब्याच भरला होता.