बिनदारूचं काडतूस

हेडविकानं पिस्तूल हातात घेतलं ते एक्केचाळिसाव्या वर्षी, आणि तेही गप्पांच्या ओघात. तिच्या औषधाच्या दुकानात विलेम ह्रुदा दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येत. गावाबाहेरच्या शस्त्रांच्या कारखान्यात ते तीस वर्षं फोरमन होते, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे. एकदा ती गोळ्या मोजत असताना ते बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिले.

"पोरी, तुझा हात कापत नाही."

"कापला तर गिऱ्हाईक मरेल, मास्तर."

"मग शनिवारी खाणीवर ये. तिथं हात कापला तर उलट नेमाचा कागद बचावतो."

खाण म्हणजे दगडाची जुनी खाण. तिच्या तिन्ही बाजूंच्या उंच कड्यांत नेमबाजी क्लबाचं मैदान होतं. हेडविका गेली, आणि जातच राहिली. परीक्षा देऊन तिनं परवाना काढला. चालताना बोट चापापासून लांब ठेवायचं, नळी कायम कड्याकडे ठेवायची, हे अंगवळणी पडायलाच तिला हिवाळा लागला. पहिल्या स्पर्धेत आडोशांमागून पळत, कागदांवर आणि लोखंडी पट्ट्यांवर गोळ्या झाडत ती चौतिसात चौतिसावी आली. त्या दिवशी घरी जाताना ती गाडीत एकटीच गाणं म्हणत होती. वर्षभरात ती मधल्या फळीत आली. एका स्पर्धेत तर तिनं दोन पोलिसांना मागं टाकलं. ही गोष्ट मग तिच्या बोलण्यात वारंवार येऊ लागली.

सराव वाढला तशी काडतुसं पुरेनात. मास्तरांनी तिला आपल्या गॅरेजात नेऊन काडतुसं भरायला शिकवलं. रिकाम्या पुंगळ्या धुवायच्या, बुडाशी ठिणगी देणारा प्राइमर बसवायचा, पन्नास पुंगळ्या लाकडी फळीवर ओळीनं उभ्या करायच्या, प्रत्येकीत मापानं दारू घालायची, आणि शेवटी प्रेसचा दांडा ओढून गोळी दाबून बसवायची.

"गोळी बसवायच्या आधी दिवा घ्यायचा," मास्तर म्हणाले, "आणि पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांत डोकवायचं. गोळी बसली की संपलं. मग वजन करूनही कळत नाही. दारू असते ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, तेवढा फरक पुंगळीपुंगळीतच असतो."

"मास्तर, मी दिवसभर मिलिग्रॅममध्येच जगते."

"तरी दिवा घ्यायचा."

काही दिवसांनी तिनं स्वतःचा प्रेस घेतला. मास्तरांच्या गोळ्या राखाडी शिशाच्या असत, तिनं निळ्या लेपाच्या मागवल्या. दिसायला छान होत्या म्हणून.

मे महिन्यातल्या स्पर्धेत मास्तरांच्या शेवटच्या फेरीत एका लोखंडी पट्टीला गोळी लागूनही ती पडली नाही. बिजागरी अडकली होती. पंच होती टपाल कचेरीतली ब्लाझेना. तिनं फेरी पुन्हा घ्यायला सांगितली. फेरीला चोवीस काडतुसं लागणार होती, आणि मास्तरांच्या खिशात नऊच उरली होती.

"माझी घ्या ना," हेडविका म्हणाली.

हातानं भरलेली काडतुसं दुसऱ्याला द्यायची नाहीत, असा क्लबाचा नियम होता. दोघांनाही तो पाठ होता. मास्तरांनी इकडंतिकडं बघितलं आणि हळूच ओंजळ पुढं केली. "बघू तरी शिष्येच्या हातची चव," ते म्हणाले. तिला इतका आनंद झाला की तिनं पंधराऐवजी वीस दिली.

आपली नऊ त्यांनी पहिल्या मॅगझिनमध्ये भरली, तिची दुसऱ्यात. पहिलं संपलं, दुसरं लागलं. चौथ्या गोळीला आवाज आला तो बाटलीचं बूच निघावं तसा. "थांबा," ब्लाझेना ओरडली. पण मास्तरांच्या हाताला चाळीस वर्षांची सवय होती. पिस्तूल अडलं की वरची सरकती स्लाइड मागं ओढायची आणि पुढं चालायचं. त्यांनी ओढली आणि चाप दाबला. नळीत अडकून बसलेल्या गोळीवर मागून दुसरी आदळली.

पिस्तुलाची मूठ तडकली, मॅगझिन खाली पडलं, आणि मास्तरांच्या तळहातातून रक्त येऊ लागलं. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी दिलेलं ते पिस्तूल होतं. त्याचा एकेक भाग त्यांनी हातानं घासून बसवला होता.

ते बूच निघाल्यासारखं वाजलं तेव्हाच हेडविकाला आठवलं होतं. गुरुवारची फळी. बहिणीचा फोन आला होता. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून, त्या दोन पोलिसांची गोष्ट सांगत तिनं पन्नास गोळ्या बसवल्या होत्या. दिवा बाजूला तसाच पडून होता.

"काडतुसं कुणाची?" ब्लाझेनानं विचारलं.

हेडविकानं तोंड उघडलं. पण मास्तर आधी बोलले.

"माझीच. डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. एकात दारू घालायची राहिली असेल."

"नळी दाखवा बघू."

"घरी बघतो मी," असं म्हणून त्यांनी पिस्तूल पंच्यात गुंडाळलं.

अजून बोलता आलं असतं. एका वाक्याचं तर काम होतं. हेडविका म्हणाली, "मी पट्टी बांधते." आणि तिनं ती नीट, घट्ट, एकही सुरकुती न पडू देता बांधली. तिचा हात जराही कापला नाही, आणि याचीच तिला पुढं सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

संध्याकाळी शेकोटीवर सॉसेज भाजताना कुणीतरी म्हणालं, "सत्तरी उलटली की माणसानं गाडी आणि पिस्तूल दोन्ही पोरांकडं द्यावं." सगळे हसले. मास्तरही हसले. हेडविकाही हसली.

बाराव्या दिवशी मास्तर दुकानात आले. हाताला अजून पट्टी होती.

"माझा प्रेस घेऊन जा पोरी. आता मला नको तो."

"बघते," ती म्हणाली. गोळ्यांचं पाकीट तिनं पुढं सरकवलं. मास्तर पाकीट न उचलता उभे राहिले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. 

"दिवसातून एक, जेवणानंतर," ती म्हणाली. आठ वर्षं रोज तीच गोळी घेणाऱ्या माणसाला.

त्यांनी मान हलवली आणि ते गेले.

त्या रविवारी तिनं स्पर्धेच्या आठवड्यात भरलेली सगळी काडतुसं, तारीख लिहिलेला एकेक डबा करत, टेबलावर ओतली आणि एकेक फोडायला घेतलं. पोकळ हातोडीत काडतूस अडकवायचं, आपटायचं, गोळी आणि दारू बाहेर. दोनशे तीस काडतुसं होती. एकशे चौऱ्याण्णवाव्यातून गोळी बाहेर पडली आणि दारूचा एक कणही आला नाही. तिनं पुंगळी उपडी करून टेबलावर ठोकली. काही नाही. हा डबा गुरुवारचा नव्हता, म्हणजे फोन नसतानाही ती चुकली होती. उरलेली छत्तीस फोडून होईपर्यंत ती उठली नाही. मग ती पुंगळी खिशात घालून ती मास्तरांकडे गेली.

मास्तर अंगणात लाकडं रचत होते, एका हातानं.

"मास्तर, ती गोळी माझी होती."

"माहीत आहे. नळीतून काढली तेव्हा निळी निघाली."

"तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"काडतुसं घेतली मी. नियम मला माहीत होता. आणि तुला दुसऱ्याच वर्षी हाकललं असतं त्यांनी." त्यांनी हातातलं लाकूड ढिगावर ठेवलं. "मला वाटलं, संध्याकाळी येशील. मग वाटलं, उद्या येशील. परवा दुकानात मी मुद्दाम थांबलो होतो."

"माझी जीभच रेटली नाही."

"गिऱ्हाइकाला चुकून दुसरं औषध गेलं असतं, तर किती दिवस थांबली असतीस?"

 तिनं खिशातली पुंगळी काढून दाखवली. ही दुसरी, असं सांगितलं. मास्तरांनी ती उन्हात धरून आत बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. एवढा वेळ ते रागावलेले नव्हते. आता रागावले.

"ही तू झाडली असतीस. स्वतःच्या हातात," ते म्हणाले. "जा आता. मला लाकडं रचायचीत."

"मदत करू?"

"नको."

महिनाअखेरच्या क्लबाच्या सभेत हेडविका उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं: फोन, दिवा, वीस काडतुसं, गप्प राहणं. मास्तर मागच्या बाकावर होते. त्यांनी मध्येच एवढंच म्हटलं, "घेतली मी. ते पण लिहा." शेकोटीवर गाडीची गोष्ट काढणारा माणूस खिडकीबाहेर बघत राहिला.

"हे त्याच दिवशी का नाही सांगितलंस?" ब्लाझेनानं विचारलं. "मी समोर उभी होते."

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

मास्तरांना एका स्पर्धेची बंदी झाली, तिला एका वर्षाची. वर्षभर प्रत्येक स्पर्धेत तिनं कामाला यायचं, असंही ठरलं. मास्तरांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि शरद ऋतूत क्लबाचं पिस्तूल घेऊन ते पुन्हा उतरले, विकतच्या काडतुसांवर. ते पूर्वीसारखे जलद राहिले नव्हते. तिच्याशी बोलायचे, पण कामापुरतंच. औषधं मात्र तिच्याकडूनच न्यायचे.

हेडविका प्रत्येक स्पर्धेला कागदांवरच्या भोकांना चिकटपट्ट्या लावायची, पडलेल्या लोखंडी पट्ट्या उभ्या करायची, पुंगळ्या वेचायची. बाहेरगावचे लोक आले की कुणीतरी हमखास विचारायचं. ऑक्टोबरातल्या एका सकाळी पहिल्यांदाच स्पर्धेला आलेली एक शिक्षिका तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"तुम्ही नाही का झाडत?"

पाठ दुखते, असं म्हणता आलं असतं. एकदा तिनं म्हटलंही होतं. हेडविकानं हातातली चिकटपट्टी कागदावर दाबून बसवली आणि ती शिक्षिकेकडे वळली.

"मी काडतुसं भरली होती," ती म्हणाली, "आणि त्यातल्या एकात दारूच नव्हती. ते मी दुसऱ्याला दिलं."

शिक्षिकेचा चेहरा बदलला. हेडविकानं तो बदलताना बघितला, नजर खाली घातली नाही, आणि पुढचं सांगायला लागली.